दोनशे चौदा कंदील

रविवार, ३ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझा फोन मला लागत नाही. दुकानाच्या नंबरवरून केला तर रिंग जाते, पण माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतोस. पत्ता तर तू दिलाच नाहीस. राहता राहिला आपला दर रविवारचा, कॉम्प्युटरवरचा सोंगट्यांचा खेळ. तिथल्या यादीत तुझं नाव अजून आहे, म्हणून तिथल्याच नोंदींमध्ये हे पान उघडलंय. ते तुला आणि मलाच दिसेल, आणि तुलाही त्यात लिहिता येईल अशी परवानगी ठेवली आहे. खेळ चालवणारी म्हणून नऊ वर्षं तुम्हा अकरा जणांना मी गुप्त चिठ्ठ्या पाठवत आले, कधी राजाच्या, कधी चोराच्या, कधी मेलेल्या म्हातारीच्या. ही पहिलीच माझी स्वतःची.

घाबरू नकोस, 'परत ये' म्हणून गळा काढायला बसलेली नाही. एक तांत्रिक अडचण आहे, तेवढीच सांगते.

खेळ फार हळू झालाय. उघडायला तीन मिनिटं पन्नास सेकंद लागतात, मी घड्याळ लावून मोजलेत. उघडल्यावरही सुख नाही. सोंगटी ओढावी तर जागची हलत नाही, आणि आपण नाद सोडला की एकदम भिंतीपलीकडे जाऊन उभी. आज नर्सबाईने राक्षसावर घातलेली कुऱ्हाड मास्तरांच्या गाढवावर पडली, कारण तिच्या पडद्यावर राक्षस अजून तिथेच उभा होता. गाढव मेलं. मास्तर असे रुसले की खऱ्या शाळेत मुलांनी त्यांचा चष्मा लपवला तेव्हाही एवढे रुसले नव्हते.

मग नर्सबाईच बोलली. "ताई, आठवडाभर पेशंटांची उठाठेव करून मला रविवारचे दोन तास मिळतात. त्यातला पाऊण तास मी ते फिरणारं चाक बघते. चाकच बघायचं तर वॉशिंग मशीनसमोर बसेन ना, निदान कपडे तरी धुऊन निघतील!"

सगळे हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. सतरा तारखेपर्यंत ठीक झालं तर ठीक, नाहीतर खेळ बंद करायचा, असं ठरलंय. वायरमन म्हणाला की सोपा उपाय आहे, नवा खेळ उघडू, लागेल तेवढंच सामान तिकडे नेऊ आणि हा इथेच सोडून देऊ. मी नको म्हटलं. का, तर म्हटलं जुन्याची सवय आहे.

खोटं बोलले. नव्या खेळात यायचं तर प्रत्येकाला नवं आमंत्रण स्वीकारावं लागतं. तुझं मी कुठे पाठवू?

बाबा बरे आहेत. वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जातात आणि खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांवर शेरे मारतात.

ताई

बुधवार, ६ नोव्हेंबर

धाकट्या,

तीन दिवस दुकानातून आले की साफसफाईला बसते. आपण किती पसारा करून ठेवलाय रे! जेमतेम दहा घरांचं गाव आणि त्याचं चित्र भिंतभर पोस्टर छापता येईल एवढं मोठं. सगळी चित्रं लहान केली. कोणीही कधीही न ऐकलेले वाऱ्याचे आणि घोड्यांचे आवाज काढून टाकले. तीनशे सहा मेलेले राक्षस जिवंत माणसांच्या यादीत बसले होते, त्यांची पाठवणी केली. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि घरी येऊन राक्षस आखूड करायचे, असं चाललंय.

एवढं करून तीन मिनिटं वीस सेकंद. डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघाला नाही, त्याची शेपटी निघाली.

बाबा मागे बसून बघत होते. लिफ्टच्या दुरुस्तीत त्यांचा जन्म गेला, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना लिफ्ट वाटते. म्हणाले, "लिफ्ट हळू चढायला लागली की माणसं मोटरला शिव्या देतात. आधी दार उघडून आत कोण उभंय ते बघावं."

मी घाईने पुढचं चित्र लहान करायला घेतलं. चोराच्या मनात चांदणं.

वायरमननेही फोनवर विचारलं, "आणखी काही आहे का ताई, जड असं?" मी म्हटलं, काही नाही. तुला सांगते, कारण तू काही मला फोन करून बोलणार नाहीस.

तू आहेस.

एखाद्या नकाशावरचा खेळ संपला की मी सगळ्यांच्या सोंगट्या उचलून ठेवते, हे तुला माहीत आहे. तू गेल्यावर तुझी उचलायला गेले आणि हात धजला नाही. म्हटलं, राहू दे, आज ना उद्या येईल. पुढच्या रविवारी पाणचक्कीचा नकाशा केला. सवयीने अकरा सोंगट्या काढल्या आणि अकरावी हातात राहिली. कंदीलवाला, तुझा तो नाक वर करून चालणारा काटकुळा. त्याला दाराशी ठेवला आणि कोणाला दिसू नये म्हणून लपवला. मग पुढच्याही नकाशावर ठेवला, आणि मागे जाऊन जुन्या नकाशांवरही, तू जिथे उभा असायचास तिथे, परत ठेवला. तू कधीही आलास तरी आम्ही जिथे असू तिथेच तू असावंस, 'मी कुठून सुरू करू' असं तुला विचारावं लागू नये, एवढाच हेतू होता. दोन वर्षांत एक नकाशा सोडला नाही.

कंदीलही पेटता ठेवलाय. त्याला बनवलंस त्या दिवशी तूच ऐट करत म्हणाला होतास ना, हा मरेल पण कंदील विझवणार नाही म्हणून!

एक गंमत सांगायची राहिली. पाणचक्कीचं मागचं दार मी बंद केलं होतं, मला पक्कं आठवतंय. काल मंगळवारी बघते तर उघडं. सोंगटी दाराशी नेऊन कोणीतरी मुद्दाम उघडल्याशिवाय ते उघडत नाही. मास्तरांना झापलं, तर ते शपथा घ्यायला लागले की त्यांनी सहा महिने पाणचक्की पाहिलेलीसुद्धा नाही. वय झालंय माझं, दुसरं काय.

ताई

रविवार, १० नोव्हेंबर

घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं. मी नाही सांगितलं, वायरमननेच शोधलं. घरात कुठे शॉर्ट झालाय ते शोधताना तो एकेक बटण बंद करत जातो ना, तसंच त्याने खेळाची एक नक्कल घेतली आणि एकेक गोष्ट बंद करत गेला. आणि आज चार वाजता, सगळे हजर असताना म्हणाला, "ताई, हा कंदीलवाला दोनशे चौदा ठिकाणी उभा आहे."

मला वाटलं सगळ्यांचा आवाज पुन्हा अडकला की काय.

मग त्याने समजावून सांगितलं, त्याच्या त्या संथ आवाजात. कंदील पेटता असला की प्रोग्रामला मोजावं लागतं, उजेड कोणत्या भिंतीला अडतो, कोणत्या खिडकीतून बाहेर पडतो, त्या उजेडात तुला काय काय दिसेल. बाकीचे आम्ही एका वेळी एकाच नकाशावर असतो. तू सगळीकडे. आणि सोंगटीचा मालक कोणत्या दाराने येईल सांगता येत नाही, म्हणून तो बिचारा प्रोग्राम दर वेळी दोनशे चौदा नकाशांवर तुझ्या डोळ्यांनी बघून ठेवतो आणि मगच आमच्यासाठी दार उघडतो. सोंगटी लपवली म्हणजे तिचं ओझं गेलं, असं मी आपली समजत होते. शिवण आत दुमडली तरी कापड तेवढंच राहतं, हे रोज गिऱ्हाइकांना मीच सांगते की रे.

नकलेतून तुला काढलं तर ती अकरा सेकंदांत उघडली.

मी वाट बघत होते की आता कोणीतरी ओरडेल. मास्तर एवढंच म्हणाले, "दोन वर्षं त्याची हजेरी लावतेस होय?" आणि नर्सबाई, जिची जीभ म्हणजे कात्री, ती म्हणाली, "दोन वर्षं आम्ही त्याच्यासाठी थांबत होतो. सांगायचंस तरी. चाकाकडे बघताना निदान शिव्या दिल्या नसत्या."

त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी शब्द दिलाय. सतराच्या आत सगळे काढते म्हणून. वायरमन म्हणाला की एका झटक्यात निघतील, तो करून देतो. मी म्हटलं, नको, माझ्या हातांनी ठेवलेत, माझ्या हातांनीच निघतील.

आता बसून रडतेय आणि रागही तुझाच येतोय. एवढं काय रे झालं होतं? एक वाक्य बोलले मी. मान्य, सगळ्यांसमोर बोलले. 'कानात बोळे घालून बसला होतास आणि पलीकडे बाप पडला होता.' जिभेला हाड नसतं. पण त्यावर कोणी घर सोडून जातं? दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं कपाट रिकामं, आणि बाबा, मांडीच्या हाडात सळई घातलेले बाबा, पलंगावरून विचारतायत, "धाकटा अजून उठला नाही का?"

जाऊ दे. आज नाही लिहिता येत.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

धाकट्या,

एकशे एक्केचाळीस झाले. रोज चहा झाला की बसते आणि एकेक नकाशा उघडून तुला उचलते. वेळ लागतो, कारण उचलायच्या आधी मी बघते की तू कुठे उभा आहेस. वाचनालयात जिन्यावर. मिठागरात एका पायावर, कारण तू म्हणाला होतास की कंदीलवाल्याला ओल सहन होत नाही. राजाच्या मुदपाकखान्यात तू टेबलाखाली होतास आणि राजदूत आला तरी बाहेर यायला तयार नव्हतास. मी एवढी हसले की बाबांनी आतून विचारलं काय झालं.

आज पुलाचा नकाशा आला आणि मी थांबले.

तीच लढाई. तीच दुपार. तू तुझ्या खोलीत, मी माझ्या, आणि बाबा न्हाणीघरात. माझ्या खोलीची आणि न्हाणीघराची भिंत एकच आहे. हे तुला माहीत आहे, पण त्याचा अर्थ काय होतो हे तू मला कधी विचारलं नाहीस, आणि मी ते कधी सांगितलं नाही.

मी ऐकलं होतं.

खेळ तेव्हाही हळूच होता. पूल पडद्यावर येत नव्हता आणि मी तुम्हाला सांगत होते, 'थांबा, कोणी हलू नका, येतोय.' तेवढ्यात पलीकडे काहीतरी पडलं. मला वाटलं बादली. नाही, खोटं नको आता. बादली असावी असं मला वाटून घ्यायचं होतं, कारण लगेच बाबांची हाक आली. एकदाच. मला नाही मारली, तुला मारली. 'धाकट्या' म्हणून. आणि मी मनात म्हटलं, त्याला बोलावतायत ना, मग तो जाईल. मी उठले तर अकरा जणांचा खोळंबा होईल.

तुझ्या कानांवर हेडफोन होते. तुला ऐकूच गेलं नाही. मला गेलं होतं.

वीस मिनिटं ते ओल्या फरशीवर पडून होते. आपण पूल जिंकला. तू टाळ्या वाजवल्यास, त्याही मी भिंतीपलीकडून ऐकल्या.

तीन आठवड्यांनी मी सगळ्यांसमोर तुला जे बोलले, त्यातला प्रत्येक शब्द माझ्यासाठी होता. स्वतःच्या अंगावरचं काढलं आणि तुझ्या अंगावर घातलं. आणि तुझं बघ, तू उलट एक शब्द बोलला नाहीस. 'मला ऐकू आलं नाही' एवढंसुद्धा नाही. तू ते मापाचं आहे की नाही हेही न बघता घालून निघून गेलास.

माझी चूक आहे. नुसती वीस मिनिटांची नाही, दोन वर्षांची. बाबांना अजून सांगितलेलं नाही. खरं तर हे कोणालाच सांगितलेलं नाही, आणि पाचावर धारण बसली असतानाही लिहून टाकलं, कारण तू हे वाचतोस की नाही तेही मला ठाऊक नाही.

वायरमन म्हणतो एक कंदील ठेव, एकाने काही बिघडत नाही. पण मी नाही ठेवणार. एक ठेवला की उद्या दुसरा ठेवीन, मी स्वतःला ओळखते. तुला असं जागोजागी उभं करून ठेवायचा मला काय हक्क? तू थकला असशील रे.

ताई

रविवार, १७ नोव्हेंबर

धाकट्या,

शेवटचा काल काढला. पाणचक्कीचा. तो मुद्दाम शेवटी ठेवला होता.

आज खेळ नऊ सेकंदांत उघडला. नर्सबाईने किंचाळून घर डोक्यावर घेतलं. तिच्या कुऱ्हाडीने जिथे मारायचं तिथेच मारलं. मास्तरांना मी नवं गाढव दिलं आणि त्यांनी ते न रुसता घेतलं. दोन तासांत आम्ही दोन महिन्यांचं काम केलं, शहराच्या वेशीच्या आत पोहोचलोसुद्धा. सगळे खूश आहेत. कोणी कुठे जात नाहीये, खेळ वाचला.

फक्त एवढंच झालं की उघडताना वाट बघावी लागली नाही. ती तीन मिनिटं पन्नास सेकंद माझी होती. चाक फिरायचं तेव्हा मी कधी वैतागलेच नाही, हे आज कळलं. दर वेळी वाटायचं, या वेळी उघडेल तेव्हा यादीत तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका असेल.

आज नऊ सेकंदांत कळलं की नाही.

तुझी फार आठवण येते.

ताई

सोमवार, १८ नोव्हेंबर

धाकट्या,

दुकानात जेवायच्या सुट्टीत सहज पान उघडलं. गुरुवारच्या पत्राखाली, माझ्या नावाच्या खाली, एक ओळ होती. मी लिहिलेली नाही.

'ताई, अंधार झाला.'

डबा तसाच टाकला, कोटाला टाचण्या लावलेलं गिऱ्हाईक तसंच आरशासमोर उभं ठेवलं आणि घरी आले. वाटेत सगळं कळत गेलं. पाणचक्कीचं दार. तूच उघडलंस ते. आम्ही कोणी नसताना, मधल्या वारी येऊन, मी जिथे जिथे ठेवलं तिथे तिथे तू तुझ्या कंदिलाने बघत होतास. मी हिरवा ठिपका रविवारी शोधत होते, आणि तू मंगळवारचा येत होतास. आणि मी शहाणी, हाताने एकेक करून तुझे दिवे मालवत बसले!

बाबा खिडकीशी होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि आधी ते सांगितलं जे सांगितलं नव्हतं. भिंत, हाक, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत आहे. फरशीवरून मला तुझा आवाज येत होता. 'थांबा, येतोय' म्हणत होतीस. मला वाटलं मलाच सांगतेस."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत?

"दोघं होतात," बाबा म्हणाले. "एकीचं नाव घेतलं असतं तर ती गेली असती. दुसरा न घेताच गेला."

मग मी त्यांना तुझी ओळ वाचून दाखवली. एकदा वाचली, त्यांनी पुन्हा वाचायला लावली. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, तुला माहीतच आहे. पण वॉकर आपटून म्हणाले, "मग माझ्या तोंडाकडे काय बघत बसलीस? पोराचा दिवा लाव आधी!"

लावलाय. वेशीच्या आत, विहिरीजवळ, आम्ही सगळे थांबलोय तिथेच. या वेळी लपवलेला नाही. रविवारी चार वाजता सगळ्यांना दिसेल, आणि नर्सबाई तुला दोन वर्षांच्या शिव्या एकदम देणार आहे, तयारीने ये. नाहीच जमलं यायला तर मंगळवारी ये. दार मी उघडंच ठेवते.

बाबा बाजूला बसलेत, पडद्याकडे डोळे लावून. विचार म्हणतायत.

दिसतंय का रे आता?